हा राजमार्ग कोणाचा?

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहणारी आपली देसी मंडळी पोहे नि तूरडाळ आणायला ज्या रस्त्यावर जातात, त्याचं नाव ‘एल कमिनो रिआल’. म्हणजे चक्क राजमार्ग! आता अमेरिकेत राजा कुठला? तर स्पेनचा. शेजारचं सॅन होजे १७७७ साली वसवलं तेही स्पॅनिशांनीच. तिकडे पूर्वेला वॉशिंग्टन इंग्रजांशी लढत होता, तेव्हाची ही गोष्ट.

आपल्या डोक्यातली अमेरिका मात्र १६०७ च्या जेम्सटाऊनपासून, नाहीतर १६२० च्या मेफ्लॉवर जहाजापासून सुरू होते. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन पेद्रो मेनेंदेझने १५६५ मध्येच वसवलं होतं आणि ते आजही नांदतं गाव आहे.

अर्थात हा मेनेंदेझ काही साधुसंत नव्हता. शरण आलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांची त्याने त्याच वर्षी कत्तल केली. तिथल्या खाडीचं नावच ‘मातान्झास’, म्हणजे कत्तली. स्पॅनिशांच्या अत्याचारांवर लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूनेच १५५२ मध्ये पुस्तक छापलं. इंग्रज-डचांनी त्याची भाषांतरं काढून स्पेनविरुद्ध भरपूर वापरली. मजकूर बराचसा खराच होता हो, पण छापणाऱ्यांचे हात कुठे स्वच्छ होते?

कारण याच सेंट ऑगस्टीनची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. इंग्रजांच्या वसाहतींतून पळून येऊन कॅथलिक होणाऱ्या गुलामांना मोकळं करा, असं फर्मान स्पेनच्या राजाने १६९३ साली काढलं. कॅरोलिनातून माणसं दलदल तुडवत दक्षिणेकडे येऊ लागली. १७३८ मध्ये गव्हर्नरने त्यांच्यासाठी गावाच्या उत्तरेला फोर्ट मोसे वसवला. तिथला कप्तान फ्रान्सिस्को मेनेंदेझ (आडनाव तेच, माणूस वेगळा) स्वतः आफ्रिकेतून आणलेला, एकेकाळचा गुलाम. १७४० मध्ये इंग्रजांनी मोसे घेतलं, तेव्हा स्पॅनिश शिपायांच्या जोडीने लढून याच लोकांनी त्यांना हुसकावलं.

राजाला कळवळा आला होता, असं मला तरी वाटत नाही. शत्रूचे मजूर फुटले तर त्याला हवेच होते, आणि खुद्द सेंट ऑगस्टीनमध्ये गुलाम होतेच. पण दलदल तुडवून आलेल्या माणसाला त्याच्याशी काय करायचंय? त्याला मोकळं व्हायचं होतं आणि ते इथे होता येत होतं.

१७६३ च्या तहात फ्लोरिडा इंग्रजांकडे गेला. मोसेची माणसं स्पॅनिशांबरोबर जहाजात बसून क्युबाला निघून गेली.