एमजीचा अष्टकोनी बिल्ला आणि मोटार निर्यातीची शर्यत

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना तो अष्टकोनी बिल्ला ओळखीचा आहे. शाळेबाहेर, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एमजीच्या गाड्या आता सर्रास दिसतात, त्यातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक. नाव अस्सल ब्रिटिश, पण गाडी चीनहून जहाजाने आलेली. मोटारींच्या निर्यातीत पहिला क्रमांक एका देशाकडून दुसऱ्याकडे कसा गेला, ते आज या बिल्ल्याच्या निमित्ताने पाहू.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या विल्यम मॉरिस यांच्या या व्यवसायातून १९२०च्या दशकात ही गाडी जन्माला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालं होतं आणि सरकारला डॉलर हवे होते. म्हणून जो कारखाना गाड्या बाहेर पाठवेल, त्याला पोलाद आधी मिळे. १९५० साली ब्रिटन जगातला सर्वांत मोठा मोटार निर्यातदार होता. पुढे १९५५ साली एमजीए हे मॉडेल आलं. त्याच्या लाखभर गाड्या बनल्या आणि दहातल्या नऊहून जास्त परदेशी गेल्या, बहुतेक अमेरिकेत. आपल्या भारतातली अ‍ॅम्बॅसेडरही मॉरिसच्या ऑक्सफर्ड या मॉडेलवरूनच आलेली.

मात्र या यशात परिस्थितीचा वाटा मोठा होता. जर्मनी आणि जपान युद्धात बेचिराख झाले होते, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल ती गाडी घेत होतं. १९५०च्या दशकातच जर्मनीने निर्यातीत ब्रिटनला गाठून मागे टाकलं. इथल्या कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या, १९६८ साली ब्रिटिश लेलँड उभी राहिली आणि १९७५ साली ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. संप, जुनी यंत्रं आणि घसरलेला दर्जा यांनी नाव खराब केलं. १९८० साली अ‍ॅबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला.

जपानने वेगळा रस्ता धरला. १९५० साली एजी टोयोडा फोर्डचा अवाढव्य कारखाना पाहायला अमेरिकेत गेले. तेवढं भांडवल जपानकडे नव्हतं. मग टोयोटाने सुटे भाग लागतील तेव्हाच आणि लागतील तेवढेच मागवायची पद्धत बसवली. दोष दिसला की साधा कामगारही काम थांबवू शकत असे, म्हणजे चूक पुढच्या गाडीत जात नसे. आम्ही आयटीवाले ज्या ‘कानबान’ बोर्डावर कामाच्या चिठ्ठ्या सरकवतो, त्याचं मूळ याच कारखान्यात आहे. १९७३ साली पेट्रोल भडकलं आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्यांना मागणी वाढली. १९८० साली जपानने उत्पादनात अमेरिकेलाही मागे टाकलं.

अमेरिकेच्या दबावाखाली जपानने १९८१ साली आपणहून मर्यादा मान्य केली: वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारी. गाड्यांची संख्या अडवली, तेव्हा जपानी कंपन्यांनी अधिक महागड्या गाड्या पाठवायला सुरुवात केली आणि कारखाने थेट गिऱ्हाइकाच्या देशात उभारले. ब्रिटनमध्येही निस्सानचा संडरलंडचा कारखाना १९८६ साली उघडला.

आता चीन. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये जुन्या कंपन्यांचा अनुभव शंभर वर्षांचा, तिथे त्यांना गाठणं अवघड. पूर्वी जर्मनीत आउडीमध्ये काम केलेले वान गांग २००७ साली चीनचे विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले. त्यांचा आग्रह असा, की इंजिनच नसलेल्या गाडीवर जोर द्या. २००९ पासून सरकारी अनुदानाचा ओघ सुरू झाला. शेन्झेनची बीवायडी १९९५ साली निघाली ती बॅटऱ्या बनवायला. मोटारींत ती २००३ साली उतरली. इलेक्ट्रिक गाडीत सर्वांत महागडा भाग बॅटरीचा, आणि तोच तिच्या हातात होता.

यातली गंमत पाहा. लिथियम-आयन बॅटरीला आकार देणारा एक कळीचा शोध १९८० साली जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला, तोही ऑक्सफर्डमध्ये, एमजीच्याच गावात. ती बॅटरी १९९१ साली बाजारात आणली जपानच्या सोनीने. आणि तिचा प्रचंड उद्योग उभा केला चीनने.

एमजीचं काय झालं? बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजची एमजी रोव्हर अडचणीत होती. २००३ साली तिने आपल्या पुण्यात बनलेली टाटा इंडिका ‘सिटीरोव्हर’ या नावाने विकून पाहिली. तरी २००५ साली कंपनी बुडाली, सुमारे सहा हजार माणसांचं काम गेलं. नानजिंगच्या कंपनीने ती विकत घेतली, पुढे ती शांघायच्या सैक कंपनीकडे गेली. २०१६ साली लाँगब्रिजची जुळणीही थांबली.

२०२३ साली चीनने सुमारे ४९ लाख वाहनं निर्यात केली, जपानने सुमारे ४४ लाख. पण ‘इलेक्ट्रिकने जग जिंकलं’ हे अर्धसत्य आहे. त्या ४९ लाखांतली बहुतेक वाहनं पेट्रोल-डिझेलचीच होती. घरचं गिऱ्हाईक इलेक्ट्रिककडे वळल्यावर पेट्रोल गाड्यांचे कारखाने रिकामे पडू लागले आणि तो माल बाहेर निघाला. २०२२ नंतर पाश्चात्त्य कंपन्यांनी सोडलेल्या रशियात त्यातला मोठा वाटा गेला.

२०२४ साली अमेरिकेने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के कर लावला. युरोपीय संघाने आधीच्या १० टक्क्यांवर ३५.३ टक्क्यांपर्यंत जादा कर बसवला. १९८१चा अनुभव सांगतो की अशा भिंतीने वेळ मिळतो, आणि त्या वेळात कोण काय शिकतो यावर पुढचं ठरतं. टाटांनी २०२३ साली सॉमरसेटमध्ये ४ अब्ज पौंडांचा बॅटरी कारखाना जाहीर केला, तो याच हिशेबाने. जॅग्वार लँड रोव्हर २००८ पासून त्यांचीच आहे, आणि तिच्या कारखान्यांत आपल्यातलीही माणसं काम करतात.

तेव्हा मुलांनी पुढे काय शिकावं, असा विषय घरी निघाला, तर बिल्ल्यामागचा हा इतिहास त्यांना जरूर सांगा. गाडीवरचं नाव विकत मिळतं. आतला अवघड भाग करायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं, आणि ते ज्यांनी केलं, त्यांच्याकडे निर्यात गेली.