तीन मिलिमीटर

माझ्या टेबलावर सात काळ्या टँक कार उभ्या आहेत. एचओ स्केल, म्हणजे १:८७. खरी वाघीण साधारण १८ मीटर लांब, माझी वीतभर. (मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे माहीत नसेल तर आता झालं.)

लहानपणी पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम पाहिलं होतं, नादाचं बी बहुतेक तिथलंच. पण तो खरा लागला २०२१ मध्ये, कामासाठी शिकागोजवळ राहत असताना. रात्री तेलाच्या गाड्या जायच्या. एकामागून एक काळ्या टाक्या, संपता संपायच्या नाहीत. म्हटलं, हीच गाडी करायची. डब्यावर 'क्रूड ऑइल' लिहिलेल्या सात टाक्या मागवल्या आणि इथेच फसलो.

टँक कार ओळखायची तर रंग आणि लोगो सोडून द्यायचे. आकार बघायचा. १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियात डेन्समोर बंधूंनी सपाट वाघिणीवर दोन लाकडी पिंपं बसवून तेल नेलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. (त्यातल्या जेम्सने पुढे शोल्सच्या टाइपरायटरला पैसा पुरवला. तुम्ही आत्ता फोनवर टाइप करता ते क्वर्टी त्याच टाइपरायटरचं.) मग लोखंडी आडवी टाकी आली, तिच्यावर घुमट आला, कारण उन्हात तेल फुगतं आणि त्याला जागा लागते. पुढे टाकीच थोडी रिकामी ठेवू लागले आणि घुमट गेला. रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं. मग खालची लांब चौकटही गेली, टाकी स्वतःच गाडीचा कणा झाली. म्हणजे घुमट आणि रिव्हेटवाली टाकी आजच्या डिझेल इंजिनामागे लावणं म्हणजे आयटी पार्कच्या गेटवर टांगा उभा करणं.

माझ्या टाक्यांना घुमट नव्हता, रिव्हेट नव्हते. पण अंगावर बारीक अक्षरांत 'डॉट-१११ए१००डब्ल्यू१' छापलं होतं, आणि चारी बाजूंच्या चौकोनी फलकांवर १२६७. हा क्रूड तेलाचा नंबर. मी ते वाचलं, शोधलं आणि खुर्चीत मागे टेकलो. अमेरिकेत डॉट-१११ टाक्या क्रूडच्या वाहतुकीतून २०१८ मध्येच बाद झाल्या होत्या. २०२१ मध्ये माझी गाडी असूच शकत नव्हती.

बाद का झाल्या? ६ जुलै २०१३, मध्यरात्रीनंतर. कॅनडात क्यूबेकमधलं लाक-मेगाँतिक गाव. वरच्या उतारावर उभी करून ठेवलेली ७२ टाक्यांची गाडी सुटली, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग घेऊन गावाच्या मध्यात घसरली. ६३ टाक्या रुळावरून उतरल्या, बहुतेक फुटल्या. सुमारे ६० लाख लिटर तेल सांडलं, पेटलं. ४७ माणसं गेली. गाडी सुटली ती ब्रेकमुळे, त्यात टाकीचा दोष नव्हता. पण टाक्या सगळ्या डॉट-१११ जातीच्या होत्या आणि त्या नाजूक आहेत हे अमेरिकेतल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी मंडळाने १९९१ पासून सांगितलं होतं. म्हणजे बग माहीत होता, तिकीट उघडं होतं, बावीस वर्षं.

२०१५ मध्ये नवा नियम आला, डॉट-११७. टाकीचा पत्रा ७/१६ इंचांवरून ९/१६ इंच. वाढ तीन मिलिमीटरची. माझ्या स्केलमध्ये ती ०.०४ मिलिमीटर होते, केसाहून बारीक. मॉडेलवाला ती दाखवूच शकत नाही. त्यामुळे डोळ्याला दिसणाऱ्या खुणा शोधाव्या लागतात: टाकीच्या दोन्ही टोकांवर पूर्ण उंचीची पोलादी ढाल आहे का, अंगावर बाहेरून वेगळा पत्रा चढवलाय का, वरच्या झडपांभोवती भक्कम संरक्षण आहे का. मधल्या काळातल्या, २०११ नंतरच्या काही टाक्यांना अर्धीच ढाल असते. माझ्या टाक्यांची टोकं पूर्ण उघडी. एकदा हे कळलं की फोटोत पहिली नजर टोकाकडेच जाते.

आता करायचं काय? टाक्या परत पाठवायची मुदत संपली होती. एकतर लेआउटचं साल मागे न्यायचं, २०१३ च्या आसपास. तिथे मन रमेना. दुसरा रस्ता स्वस्त होता. इथेनॉलसाठी डॉट-१११ ला २०२३ पर्यंत परवानगी होती. म्हणजे २०२१ मध्ये याच टाक्या इथेनॉल घेऊन माझ्या खिडकीखालून कायदेशीरपणे गेल्या असत्या. फक्त फलक बदलायचा: १२६७ च्या जागी १९८७.

डेकॅल मागवले. ते येईपर्यंत वाचत बसलो, तर १९ जून २००९ ला इलिनॉयमधल्याच चेरी व्हॅलीत अशीच गाडी घसरल्याचं सापडलं. इथेनॉल, डॉट-१११. फाटकाशी मोटारीत थांबलेली एक बाई जळून गेली. त्या गावाजवळून मी कित्येकदा गेलो होतो.

सहा टाक्यांवर १९८७ चिकटवलं. चिमटा, पाणी, एकेका फलकाला दहा मिनिटं. सातवीवर १२६७ तसाच आहे. ती रुळावर ठेवत नाही, कपाटावर असते.