पाळीव अजगरांचे खाद्य
अमेरिका व युरोपात पाळल्या जाणाऱ्या ब्रह्मी आणि जाळीदार अजगरांना हाडे-यकृतासह अखंड भक्ष्य द्यावे लागते. नुसत्या मांसाच्या तुकड्यांतून पुरेसे कॅल्शियम मिळत नाही. पिलांना उंदीर, प्रौढांना ससे. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाइतपत जाड असावे, हा ढोबळ नियम. खाद्यासाठी वाढवलेले ससे गोठवून, वजनाप्रमाणे विकले जातात. घरात पकडलेले उंदीर मात्र वर्ज्य. त्यांच्यात परजीवी वा विषारी औषधाचा अंश असू शकतो. गोठलेला ससा फ्रिजमध्ये सावकाश वितळू देतात, मग कोमट पाण्यात ऊबदार करून लांब चिमट्याने पुढे धरतात. अजगराच्या ओठांवरील खाचा उष्णता टिपतात. थंडगार भक्ष्याकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. जिवंत उंदीर सोडणे बघ्यांना थरारक वाटते खरे, पण भूक नसलेल्या सापाला तोच उंदीर कुरतडतो. प्रौढाला दोन ते चार आठवड्यांतून एक जेवण पुरते. मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत ब्रह्मी अजगराचे हृदय सुमारे ४० टक्के वाढते व पचन संपल्यावर पूर्ववत होते. लाडापोटी अधिक चारल्यास लठ्ठपणा ठरलेला. भारतात मात्र भारतीय अजगर पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.