गाणे आणि मजुरी

देवाची गाणी माणसाला लाचार करतात, असे आपण चळवळीतली माणसे चटकन म्हणतो. डोरोथी लव्ह कोट्सचे आयुष्य मला वेगळे काही सांगते. १९२८ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली ही काळी मुलगी फरश्या पुसून, लाँड्रीत राबून गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीते, गायची. १९५१ नंतर ‘गॉस्पेल हार्मोनेट्स’सोबतच्या तिच्या तबकड्या गाजल्या. पुढे ती मार्टिन ल्यूथर किंगच्या लढ्यात उतरली. गायकांना नाडणाऱ्या तबकडी कंपन्यांवर आणि कार्यक्रमांच्या ठेकेदारांवरही तिने उघड टीका केली. २००२ मध्ये ती वारली. स्वर्ग गाणाऱ्या या बाईने मजुरीचा हिशेब मात्र पृथ्वीवरच मागितला. आपल्या जलसाकारांनी बाबासाहेब गावोगाव पोचवले. त्यांच्या भाकरीचा हिशेब आपण इतिहासात कधी मांडणार?