मानेची पंधरा हाडे

चरकसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या मानेत 15 हाडे सांगितली आहेत. प्रत्यक्षात मणके भरतात सात. एवढ्या तोलामोलाच्या वैद्यकग्रंथात आकडा दुपटीच्याही पुढे गेला कसा? माझ्या मते हे 15 यज्ञमंडपातून आले.

शतपथ ब्राह्मणाच्या बाराव्या कांडात वर्षभर चालणाऱ्या सत्राला पुरुष मानले आहे आणि त्याच्या एकेका अवयवाला एकेक स्तोम, म्हणजे ठरलेल्या संख्येचे स्तोत्रगान, जोडला आहे. डोके त्रिवृत्, म्हणजे कातडी, हाड आणि मेंदू. मान पंचदश : 14 करूकर आणि पंधरावे वीर्य. हे करूकर लहान असले तरी त्यांच्या जोरावर माणूस जड ओझे पेलतो, असेही तिथे म्हटले आहे. पुढे छातीचे 16 जत्रू आणि सतरावे उर, पोटाचे 20 कुंताप आणि एकविसावे उदर, 26 बरगड्या आणि सत्ताविसाव्या कुशी, पाठीचे 32 करूकर आणि तेहतिसावी पाठ.

रूडॉल्फ हर्नले यांनी 1907 साली प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर ग्रंथ लिहिला. त्यांनी करूकर म्हणजे मणक्याच्या दोन्ही बाजूंना निघणारे आडवे प्रवर्ध असा अर्थ लावला. सात मणके, प्रत्येकी दोन प्रवर्ध, एकूण 14. हा उलगडा मला पूर्ण पटतो. मात्र ‘वीर्य’ म्हणजे एकच हाड म्हणून मोजलेला मधला स्तंभ, हे त्यांचे म्हणणे पटत नाही. सगळी ओळ एकत्र पाहा : 14 आणि 1, 16 आणि 1, 20 आणि 1, 26 आणि 1, 32 आणि 1. शरीर दुतर्फा सारखे, म्हणून मोजणी सम येते. स्तोमांचे आकडे मात्र विषम. उणा पडणारा एक दरवेळी अख्ख्या अवयवाने किंवा त्याच्या बळाने भरून काढला आहे. वीर्य म्हणजे बळ, हाड नव्हे.

खरी मौज बरगड्यांत आहे. माणसाच्या बरगड्या 24, आणि इथे 26. बोकड, मेंढा, बैल यांना मात्र बरगड्यांच्या 13 जोड्या असतात, म्हणजे बरोबर 26! ऐतरेय ब्राह्मणात पशू कापणाऱ्या शमित्याला दिलेल्या सूचनांतही पशूच्या 26 बरगड्याच येतात. तेव्हा शतपथातला हा पुरुष वेदीजवळ कापलेल्या पशूवरून मोजला गेला, असे माझे ठाम मत आहे. तरीही मानेचा हिशेब चुकला नाही, कारण माणूस, बोकड, घोडा, अगदी जिराफ, सगळ्यांच्या मानेत मणके सातच. स्लॉथ आणि मॅनाटी हे सस्तन प्राण्यांतले अपवाद, आणि ते आपल्याकडचे नव्हेत.

याविरुद्ध कोणी कुंताप पुढे करील : माणसाच्या कमरेचे 5 आणि त्रिकास्थीचे 5 मणके, त्यांचे 20 प्रवर्ध. पण कमरेचे 6 आणि त्रिकाचे 4 मणके असलेल्या मेंढीतही बेरीज तीच येते. पाठीचे 32 मात्र ना माणसाला लागू पडतात ना पशूला. तिथे त्रयस्त्रिंश स्तोमासाठी आकडा ताणला असावा.

पुढचा प्रवास थोडक्यात. शतपथाने वर्षाच्या 360 रात्रींशी जुळवलेली 360 हाडे चरकाने घेतली आणि मानेच्या वाट्याला 15 आली. वीर्याचे हाड झाले. याज्ञवल्क्यस्मृतीतही मानेची हाडे 15च आहेत.

हा आकडा नाकारला तो सुश्रुताने. वेदवादी 360 हाडे सांगतात, शल्यतंत्रात मात्र 300च, असे तो स्पष्ट बजावतो. त्याची पद्धत वेगळी होती : प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. मानेत तो नऊ हाडे मोजतो. पाठीचे वरचे दोन मणके त्याने मानेत धरले असावेत. हाताला लागणारा उंचवटा तिथे सलगच असतो. नऊ हा आकडाही चूकच, पण तो प्रेतावर मोजून आलेला आहे, आणि म्हणून मला तो चरकाच्या पंधरापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

पशुवैद्यकाच्या शिक्षकांना एक विनंती : बोकडाचा सांगाडा समोर असेल तेव्हा 16 जत्रू आणि पाठीचे 32 एकदा शतपथाच्या यादीशी ताडून पाहा.