लांडगा, बिबट्या आणि दुर्बीण: खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एकजण माळावर बसून भोंग्यातून सशाच्या किंकाळीचा आवाज काढतो, कायोट नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी धावत येतो आणि रायफलवरच्या स्कोपमधून नेम धरला जातो. खाली कमेंटमध्ये आपल्याकडची मुलं विचारतात, 'असा स्कोप भारतात केवढ्याला मिळतो?' दौंडच्या माळावर लांडगा आहे आणि शिरूरच्या उसात बिबट्या, त्यामुळे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण आपल्याकडे त्याचं उत्तर वेगळं आहे.

आधी कायदा, दोन ओळींत

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार लांडगा आणि बिबट्या दोन्ही अनुसूची १ मध्ये येतात, म्हणजे त्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं नाही, तर आमिष दाखवणं, हुसकावणं आणि तसा प्रयत्न करणंही बसतं. त्यामुळे मोबाईलवर आवाज लावून लांडगा बोलावण्याचा 'प्रयोग' करू नका.

बिबट्या माणसाच्या जिवावर उठला, तर निर्णय वन विभागाचा असतो. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिन्याभरातच तीन बळी गेले, त्यात दोन लहान मुलं होती. त्यानंतर परवानगी घेऊन, थर्मल ड्रोनने शोध घेऊन, विभागाने नेमलेल्या नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. ते काम आपलं नाही. आपलं काम लांबून आणि वेळेत ओळखण्याचं. त्यासाठी स्कोप नको, दुर्बीण हवी.

स्कोप का नको?

स्कोपमध्ये एकाच डोळ्याने बघावं लागतं, दिसतो तो भागही लहान असतो आणि मध्ये नेम धरायच्या रेघा असतात. शिवाय तो बंदुकीवर बसवला असेल, तर 'बघणं' म्हणजेच बंदूक रोखणं. समोर मेंढरांमागे चालणारा धनगर असू शकतो.

दुर्बीण: ८×४२ म्हणजे काय?

पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. येणारं उत्तर म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी:

- ८×४२: सुमारे ५.२ मिमी
- १०×४२: ४.२ मिमी
- १०×२५: २.५ मिमी
- २०×५०: २.५ मिमी

अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत मोठी होते. लांडगा हिंडतो पहाटे आणि तिन्हीसांजेला. त्या वेळी २.५ मिमीचा झोत म्हणजे अंधुक चित्र. 'वीस पट झूम' बघून भुलू नका. जास्त झूमला हातही थरथरतो आणि एप्रिलच्या दुपारी माळावर जी वाफ हलताना दिसते, तीही तितकीच मोठी होते. मीही पहिली दुर्बीण झूम बघूनच घेतली होती. लांडगा म्हणून अर्धा तास ज्याच्याकडे बघत बसलो, तो वाड्यावरचा कुत्रा निघाला.

पहिल्या दुर्बिणीसाठी ८×४२ घ्या. सोबत तीन गोष्टी बघा. प्रिझम 'बॅक-४' काचेचा असावा. भिंगांवर 'फुली मल्टी-कोटेड' लेप असावा. चष्मा असेल तर डोळा आणि भिंग यांतलं सोयीचं अंतर, म्हणजे 'आय रिलीफ', १५ मिमी किंवा जास्त असावं. मोबाईल अडकवायचा क्लॅम्प वेगळा मिळतो, त्याने फोटोही काढता येतात.

रात्रीसाठी: नाईट व्हिजन की थर्मल?

डिजिटल नाईट व्हिजन म्हणजे अदृश्य टॉर्च लावलेला कॅमेरा. ८५० नॅनोमीटरची टॉर्च लांब पोचते, पण तिचा लालसर ठिपका दिसतो. ९४० ची जवळजवळ दिसत नाही, पण कमी पोचते. थर्मलला टॉर्च लागत नाही. तो वस्तूच्या उष्णतेवरून चित्र बनवतो.

थर्मलच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: '३८४×२८८, १२ मायक्रॉन, २५ मिमी, अंतर १२०० मीटर'. आता गणित करू. १२ मायक्रॉन भागिले २५ मिमी, म्हणजे १०० मीटरवर एक पिक्सेल ४.८ सेंटिमीटरचा. खांद्यापर्यंत ६५ सेंटिमीटर उंच लांडगा तिथे १३-१४ पिक्सेल उंच दिसेल. ३०० मीटरवर फक्त चार-पाच. आणि १२०० मीटरवर? अख्खा माणूस तीन पिक्सेल! म्हणजे खोक्यावरचं अंतर 'तिथे काहीतरी गरम आहे' एवढंच सांगतं. ते वासरू आहे, कुत्रा आहे की बिबट्या, हे नाही. डिजिटल झूम केलंत तर तेच चार ठिपके मोठे होतील.

सर्वांत महत्त्वाचं: उसात थर्मल आंधळा असतो

थर्मलला पाचटापलीकडचं दिसत नाही. प्राण्याची उष्णता पानं अडवतात. ड्रोन वरून बघतो, म्हणून त्याला सरींमधल्या फटी सापडतात. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला समोर फक्त पानांची भिंत असते. काचेतूनही थर्मल बघू शकत नाही, त्यामुळे गाडीत बसून बघायचं तर काच खाली घ्यावी लागेल.

रात्रीची लाईट असते तेव्हा दारं धरायला जावंच लागतं. पिंपरखेडमध्ये तर लोकांवर गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून शेतात जायची वेळ आली. अशा वेळी हातात महागडं यंत्र असलं की धीर येतो. पण स्क्रीनवर काही दिसलं नाही, याचा अर्थ फड रिकामा आहे असा नाही. एकटे जाऊ नका, मोठी बॅटरी न्या, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, फडाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करू नका. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मग घ्यायचं काय?

लांडगा, चिंकारा बघायचे असतील तर ८×४२ दुर्बीण पुरेशी आहे. दौंडला लागून सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. वन विभागाने बारामतीतल्या शिरसुफळ आणि इंदापूरच्या कडबनवाडीत गवताळ सफारीही सुरू केली आहे. पहाटे जा, ठरलेल्या वाटेवरच थांबा आणि लांडग्याच्या बिळाचं लोकेशन कुठेही टाकू नका.

गोठ्यावर, अंगणात रात्री लक्ष ठेवायचं असेल, तर आधी चांगला दिवा आणि बंदिस्त गोठा. त्यानंतर पैसे उरले, तर साधा इन्फ्रारेड कॅमेरा. थर्मल एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून घेतलेला बरा. आणि तो उघड्या रानासाठी आहे, उसासाठी नाही, हे वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा.