तासाला चोरून खेळलेले खेळ

अमेरिकेत १९९० च्या आसपास जन्मलेल्या मंडळींसमोर शाळेचा विषय काढून बघा. कुठल्या तासाला काय शिकवलं ते सांगताना ती अडखळतील, पण कॉम्प्युटर लॅबमध्ये बाईंची पाठ वळली की कुठला गेम उघडायचा, हे बहुतेकांना अजून पाठ असतं. एक डोळा पडद्यावर, एक डोळा दाराकडे, आणि बोटं खिडकी बदलायच्या बटणांवर तयार!

गंमत म्हणजे, तिथल्या शाळांमधला सगळ्यात गाजलेला कॉम्प्युटर गेम मुळात मास्तरांनीच लिहिलेला होता.

गोष्ट १९७१ ची. मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात लोक गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाले, तो प्रवास मुलांना कसा समजावायचा? त्याच्यासोबत राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर गणिताचे शिकाऊ शिक्षक होते. तिघांनी मिळून दोनेक आठवड्यांत 'ओरेगॉन ट्रेल' तयार केला. पडदा वगैरे काही नाही. टेलिफोनच्या तारेने दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं टाइपरायटरसारखं यंत्र, आणि उत्तरं कागदावर छापून यायची. शिकार करायची तर 'बँग' हा शब्द झटपट टाइप करायचा. जितका वेळ लावाल तितका नेम चुकणार.

सत्र संपल्यावर रॉविचने तो प्रोग्राम कॉम्प्युटरवरून पुसून टाकला, पण त्याची छापील प्रत जपून ठेवली. १९७४ साली मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत त्याला नोकरी लागली, तेव्हा त्या कागदांवरून त्याने सगळा गेम पुन्हा टाइप केला. पुढे तो देशभरातल्या शाळांमध्ये पोचला. म्हणजे तो गेम आज आपल्याला माहीत आहे तो कागदाच्या त्या भेंडोळीमुळे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आलं इंटरनेट. १९९४ साली अमेरिकेतल्या ३५ टक्के सरकारी शाळांत ते होतं, २००१ साली ९९ टक्के शाळांत! १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून शाळांना जोडणीच्या खर्चात सवलत मिळू लागली, त्याचा यात मोठा वाटा होता. पण डिसेंबर २००० मध्ये दुसरा कायदा आला. ही सवलत हवी असेल तर अश्लील चित्रं अडवणारी चाळणी बसवा, अशी अट त्याने घातली. त्यात खेळांचा उल्लेखही नव्हता. पण चाळणी एकदा बसली, की तिच्या यादीत 'गेम्स' या शब्दापुढे खूण करायला कितीसा वेळ लागतो? शिक्षकांचंही चूक म्हणता येणार नाही. तीस मुलं आणि तीस पडदे, लक्ष तरी कुणाकुणावर ठेवणार?

मुलांच्या मदतीला आला फ्लॅश. हे तंत्र मॅक्रोमीडियाने १९९६ च्या अखेरीस विकत घेतलं आणि २००० साली त्यात गेम लिहिण्याजोगी प्रोग्रामिंगची सोय बऱ्यापैकी वाढवली. शाळेच्या कॉम्प्युटरवर विद्यार्थ्याला काही इन्स्टॉल करता येत नसे, पण फ्लॅश तिथे बहुधा आधीच असायचा, कारण शैक्षणिक साइट्सनाही तो लागायचा. बहुतेक वेळा अख्खा गेम एकाच छोट्या फाइलमध्ये मावायचा. साइट बंद केली तर ती फाइल पेनड्राइव्हवर घालून आणायची आणि ब्राउझरवर नेऊन सोडायची, झालं काम. कुणी भाषांतराच्या साइटमधून अडवलेलं पान उघडे. १९९७ पासून चालू असलेल्या 'कूलमॅथ'च्या तर नावातच गणित, त्यामुळे तिथले गेम खेळताना पकडलं गेलं तरी सांगायला तोंड असायचं.

हे गेम बनवणारेही बरेचदा एकटे-दुकटे, तरुण. बर्फावर घसरणाऱ्या स्वाराचा 'लाइन रायडर' २००६ साली बोश्त्यान चादेज या स्लोव्हेनियातल्या विद्यार्थ्याने बनवला. पेन्सिलीने रेघ ओढायची आणि स्वार तिच्यावरून घसरत जातो, एवढाच खेळ. ना गुण, ना शेवट. पण रेघेचा उतार किती ठेवला तर स्वार पडतो, हे मुलं पुन्हा पुन्हा करून बघत. शेजारच्या वर्गात फळ्यावर कदाचित हाच उतार शिकवत असतील!

शाळांना जे जमलं नाही ते शेवटी बाजाराने केलं. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने खुलं पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नाही ते सांगितलं. तोवर फ्लॅश अडोबीकडे गेला होता. जुलै २०१७ मध्ये अडोबीने त्याचा शेवट जाहीर केला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने फाइल्स चालवणंच थांबवलं.

एवढं सगळं पुसलं जाऊ नये म्हणून धावलं कोण? शाळा नव्हेत, आणि अडोबीही नव्हे. २०१८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या बेन लॅटिमोरने 'फ्लॅशपॉइंट' सुरू केलं. जगभरच्या हौशी लोकांनी त्यात एक लाखाहून जास्त गेम गोळा केले. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हनेही जुन्या फ्लॅश फाइल्स पुन्हा चालवून दाखवायला सुरुवात केली. गेम एका फाइलमध्ये मावत होता म्हणून हे सोपं गेलं. ज्या गुणामुळे तो पेनड्राइव्हवरून शाळेत शिरायचा, त्याच गुणामुळे तो टिकलाही.

मला यात महत्त्वाची वाटते ती ही जपणूक. शाळेच्या दप्तरात हजेरी सापडेल, निकाल सापडतील. पण त्या खोलीत बसून मुलं खरोखर काय करत होती, याची नोंद शाळेने ठेवली नाही, कारण शाळेच्या लेखी तो वाया गेलेला वेळ होता. १९७१ चा गेम एका मास्तराने कागद जपले म्हणून वाचला. हे गेम वाचले ते खेळणाऱ्यांनी जपले म्हणून.

आता त्या मुलांपैकी काही जण स्वतःच शिक्षक आहेत. समोरच्या मुलांच्या क्रोमबुकवरही चाळणी आहे, आणि तिच्यातून निसटणाऱ्या गेमच्या साइट्सही आहेत. मागच्या बाकावर खिडकी पटकन बदलली, की काय चाललंय ते त्यांना न बघताही कळत असणार. ओरडायचं की नाही, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.